ग्रेडर नंबर १२ आणि आजीचा रस्ता

हा भाग ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीये की मागे इंजिनाचा धडधडाट आहे आणि मधली दोन-तीन मिनिटं माझं बोलणं नीट कळत नाही. बऱ्याच जणांनी लेखी मागितलं, म्हणून हा मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, एक-दोन ठिकाणी मागचं-पुढचं भरलंय, बाकी जसं बोललो तसं आहे.

तर गोष्ट अशी. मी सध्या कंपनीच्या कामासाठी इलिनॉयमध्ये आहे. शिकागोतून बाहेर पडून दोन-अडीच तास गाडी चालवली की दोन्ही बाजूंना नुसता मका आणि सोयाबीन. सप्टेंबरातल्या एका शनिवारी अशाच एका लहान गावात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन होतं, तिथे गेलो. प्रदर्शन हा शब्द जरा साहेबी झाला. ती जत्राच असते. वाफेवरची मळणीयंत्रं शिट्ट्या मारतायत, लाल-हिरवे ट्रॅक्टर रांगेत उभे आहेत, म्हातारी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसलीयेत आणि कुठूनतरी तळणाचा वास येतोय. आपल्याकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून मिरवतात ना, तसे हे लोक ट्रॅक्टर मिरवतात. तोच अभिमान, आणि शेजाऱ्याच्या बैलाकडे बघायची तीच तिरकी नजर.

मला ट्रॅक्टरांतलं फारसं कळत नाही. बीटेक असलो तरी माणूस संगणकाचा, ग्रीस हाताला लागलेलं नाही. फिरत फिरत मैदानाच्या टोकाला गेलो. तिथे मातीची एक लांब पट्टी मोकळी सोडली होती आणि तिच्या सुरुवातीला एक लांबलचक, काटकुळं, पिवळं यंत्र उभं होतं. पुढे दोन चाकं, मागे चार, मधे कमानीसारखा वाकलेला लोखंडी कणा आणि त्याच्या पोटाखाली लटकलेलं बारा फुटी पातं. कॅटरपिलर नंबर १२. मोटर ग्रेडर. १९४० च्या दशकाच्या शेवटाकडचं.

मालक ऐंशीच्या पुढचे. त्यांचं नाव मी इथे घेत नाही, आजोबा म्हणतो, मनातही तेच म्हणत होतो. आयुष्यभर त्यांनी टाउनशिपच्या रस्ते विभागात काम केलं. टाउनशिप म्हणजे साधारण सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा तुकडा, आणि त्यातले खेड्यांचे रस्ते सांभाळायला निवडून दिलेला एक रोड कमिशनर असतो. हे यंत्र त्यांना एका शेतकऱ्याच्या शेडमागे गवतात मिळालं. चार हिवाळे खपून दुरुस्त केलं. रंग इतका चकचकीत की त्यात तोंड दिसावं. पण चालकाच्या पायाखालचा पत्रा मात्र रंगवलेला नव्हता. तो झिजून दोन ठिकाणी चंदेरी झाला होता. मी विचारलं, हा राहिला का? म्हणाले, राहिला नाही, ठेवलाय. माझ्या आधी ज्यानं हे चालवलं त्याचे पाय आहेत ते.

तेव्हाच मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

जाता जाता, हा पिवळा रंग. १९३१ पर्यंत कॅटरपिलरची यंत्रं राखाडी असायची. त्या वर्षाच्या शेवटी कंपनीनं पिवळा धरला आणि त्याला नावच दिलं ‘हायवे यलो’, कारण रस्त्यावर चालणारं यंत्र लांबून दिसलं पाहिजे. आपल्याकडे पिवळं आणि मोठं असलं की ते जेसीबी. मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर आईचा पहिला प्रश्न: एवढ्या लांब जाऊन जेसीबी बघतोयस?

[इथे इंजिनाचा आवाज आहे]

हा जो आधी बारीक फटफट आवाज येतो, तो मोठ्या इंजिनाचा नाही. थंड पडलेलं डिझेल इंजिन सुरू करायला त्याला जोर लावून फिरवावं लागतं. आज ते काम बॅटरी आणि स्टार्टर करतात. तेव्हा मोठ्या इंजिनाच्या कुशीत एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. त्याला इथे पोनी मोटर म्हणतात, पोनी म्हणजे तट्टू. आधी तट्टू सुरू करायचं. ते काही मिनिटं चालू ठेवलं की त्याच्या उष्णतेनं मोठं इंजिन ऊबदार होतं. मग क्लच जोडायचा, तट्टू मोठ्याला फिरवतं, आणि मग डिझेल सोडायचं. संगणकवाल्यांनो, हा शंभर अश्वशक्तीचा बूटलोडर आहे. आजोबांना घाई नव्हती. तट्टू तापेपर्यंत ते दोन्ही हात इंजिनावर ठेवून उभे होते, गायीच्या पाठीवर ठेवावेत तसे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ग्रेडर काय करतो? मला वाटायचं रस्ता सपाट करतो. तुम्हालाही वाटत असेल. तर नाही. ग्रेड म्हणजे इथे दर्जा नव्हे, उतार. सपाट रस्ता हा मातीच्या रस्त्याचा मृत्यू आहे. सपाट असला की पाणी थांबतं, पाणी थांबलं की माती मऊ होते, मऊ झाली की चाकाखाली दबते, दबली की तिथे आणखी पाणी थांबतं. म्हणून रस्त्याला मधे पाठ काढायची, दोन्ही कडांना उतार द्यायचा आणि कडेला चर खणायचा. आपल्याकडे बांधकाम खात्यात याला कॅम्बर म्हणतात. खडी-मुरमाच्या रस्त्याला फुटामागे साधारण अर्धा इंच उतार लागतो. म्हणजे वीस फूट रुंद रस्त्याची मधली रेघ कडेपेक्षा पाच इंच उंच. गाडीत बसून तो उतार जाणवतही नाही, पण पाण्याला जाणवतो.

हे ज्ञान नवीन नव्हतं. प्रश्न होता की ते करणार कोण.

अमेरिकेत १९०४ साली सरकारनं पहिल्यांदा गावोगावच्या रस्त्यांची मोजदाद केली. सुमारे साडेएकवीस लाख मैल रस्ते भरले, आणि त्यातले खडी किंवा तत्सम काही टाकून सुधारलेले दीड लाख मैलांच्या आसपास. शंभरातले सात. उरलेल्या त्र्याण्णवांत वसंतात बर्फ वितळलं की गाड्या आसापर्यंत रुतायच्या. आणि ही देखभाल कशी व्हायची? कायद्यानं. धडधाकट पुरुषांनी वर्षातले काही दिवस रस्त्यावर राबायचं, नाहीतर बदली माणूस द्यायचा, नाहीतर पैसे भरायचे. बहुतेक ठिकाणी ते दिवस गप्पा मारण्यात जायचे. पेरणी आटोपली की सगळे फावडी घेऊन यायचे, चरातली माती रस्त्याच्या मधे फेकायचे, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती परत चरात जायची.

सगळीकडे मात्र ती अशी सहल नव्हती. फ्लोरिडातल्या कायद्यात वर्षाला सहा दिवस, रोज किमान दहा तास काम होतं. एकानं नकार दिला, तुरुंगात गेला, आणि ही वेठबिगार आहे, गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीच्या विरुद्ध आहे, असं म्हणत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९१६ साली न्यायालयानं निकाल दिला: नाही, रस्त्यावर राबणं हे नागरिकाचं जुनं कर्तव्य आहे, ही गुलामगिरी नव्हे. त्याच काळात दक्षिणेकडच्या राज्यांत ‘चांगले रस्ते’ चळवळीच्या नावाखाली पायात बेड्या घातलेल्या कैद्यांकडून रस्ते करून घेतले जात होते, आणि ते कैदी बहुतांश काळे होते. इथल्या प्रदर्शनांत ही पाटी कुठे दिसत नाही. यंत्राच्या आधी हे काम कोण करत होतं हे सांगितल्याशिवाय यंत्राचं कौतुक पुरं होत नाही, असं मला वाटतं.

चांगल्या रस्त्यांची मागणी सगळ्यात आधी जोरात केली ती मोटारवाल्यांनी नव्हे, सायकलवाल्यांनी. १८८० मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. शेतकरी त्यांच्यावर चिडायचे: शहरातल्या पोरांच्या हौसेसाठी आम्ही कर का भरायचा? चित्र पालटलं ते टपालामुळे. १८९६ पासून खेड्यात घरपोच टपाल सुरू झालं, पण रस्ता जाण्यासारखा असेल तरच टपालवाला येणार, ही अट. मग शेतकरीच रस्त्याला लागले.

त्यांच्यातलाच एक डी. वॉर्ड किंग, मिसुरी राज्यातल्या मेटलंडचा शेतकरी. त्यानं लाकडाचा ओंडका उभा चिरला, दोन फाळी एकामागे एक जोडल्या आणि पावसानंतर माती ओलसर असताना घोड्यांच्या मागे तिरक्या ओढल्या. बस. आपल्याकडे पेरणीनंतर बैलांच्या मागे फळी फिरवतात, तिचाच भाऊ. तिरकी ओढल्यामुळे कडेची माती थोडी थोडी मधे सरकते, भेगा बुजतात, आणि ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो. १९०८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं किंगच्या नावानं यावर पुस्तिकाच काढली. मला हा माणूस फार आवडतो. त्याचा खरा शोध ओंडका नव्हेच. ‘प्रत्येक पावसानंतर जा’, हा त्याचा शोध.

घोड्यांनी ओढायचे चाकांचे ग्रेडर त्याच्याही आधी, १८७० च्या दशकापासून होते. त्यांची एक अडचण होती. पातं तिरकं धरलं की माती एका बाजूला जाते, आणि माती यंत्राला उलट्या बाजूला ढकलते. यंत्र तिरपं सरकत सरकत चरात. इंडियानातल्या जोसेफ अ‍ॅडम्सनं १८८५ मध्ये चाकंच झुकवली. एका हातात भरलेली बादली घेतली की आपण नकळत दुसऱ्या बाजूला झुकतो, तसं. बाजूनं येणारा जोर झुकलेलं चाक जमिनीत पाय रोवून पेलतं. आजही रस्त्याच्या कामावर ग्रेडर दिसला तर त्याची पुढची चाकं बघा. वाकडी दिसतील, वाटेल बिघडलाय. बिघडलेला नाही, तो १८८५ चा विचार आहे.

पुढचं पटकन सांगतो. मिनेसोटातल्या रसेल कंपनीनं पहिल्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरलाच पातं जोडून स्वतः चालणारा ग्रेडर केला. १९२८ मध्ये कॅटरपिलरनं रसेल विकत घेतली, १९३१ मध्ये ट्रॅक्टरला जोडकाम न करता मुळातूनच ग्रेडर म्हणून रचलेलं यंत्र आणलं, ‘ऑटो पेट्रोल’. आणि १९३८ मध्ये नंबर १२ आला.

या यंत्राचं सगळ्यात सुंदर काय असेल तर पात्याची जागा. ते पुढेही नाही, मागेही नाही, बरोबर मधे आहे. का? खडीच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात, तुम्ही अनुभवल्या असतील, गाडी खडखडते. या लाटा वाईट कामामुळे येतात असं नाही. भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर नुसतं चाक फिरवून दाखवलंय की ठरावीक वेगाच्या वर गेलं की त्या आपोआप उठतात. आता पातं जर पुढच्या चाकाजवळ असतं, तर चाक लाटेवर चढलं की पातं वर, उतरलं की खाली, म्हणजे जुन्या लाटांची नक्कल नव्या मातीत. पण नंबर १२ मध्ये एक पुढचं चाक चार इंच चढलं, तर पुढचा आस मधल्या खिळीवर डोलतो, म्हणून आसाचा मध्य दोनच इंच उचलला जातो. पातं पुढच्या आणि मागच्या आसांच्या मधोमध, म्हणून ते साधारण एकच इंच उचलतं. मागच्या चार चाकांचीही दोन-दोनच्या जोडीत अशीच डोलणारी व्यवस्था. चार इंचाचा धक्का पात्यापर्यंत एका इंचाचा होऊन पोचतो, पुढच्या फेरीत त्याचा पाव. गोंगाटातून संथ आवाज गाळून काढायला आम्ही प्रोग्राममध्ये जी चाळणी लिहितो, ती इथे नुसत्या लांबीतून काढलीये. एक ओळ कोड नाही. म्हणून ते यंत्र असं लांबलचक आणि काटकुळं दिसतं.

मी हे उत्साहानं आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हो, म्हणून वळताना वैताग यायचा.

मग त्यांनी लिव्हर दाखवल्या. स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना लोखंडी लिव्हरांची रांग. पात्याचं डावं टोक वर-खाली, उजवं टोक वर-खाली, पातं फिरवणं, बाजूला सरकवणं, चाकं झुकवणं. हायड्रॉलिक काही नाही. लिव्हर ढकलली की इंजिनावर फिरणाऱ्या दांड्याचे दाते अडकतात आणि पातं हलतं, सोडली की सुटतात. पण त्या काळच्या अशा यंत्रांत पातं जमिनीतल्या दगडाला अडलं की तो हिसका दात्यांतून उलटा थेट चालकाच्या हातात यायचा. आजोबांनी उजवा हात पुढे केला आणि मनगट फिरवून दाखवलं. ते अर्ध्यावर थांबलं. विशीत मोडलं होतं, दुसऱ्या एका ग्रेडरवर. इतर कंपन्यांनी हायड्रॉलिक बरंच आधी आणलं, नंबर १२ च्या घराण्यात ते आलं १९७३ च्या १२जी मॉडेलमध्ये. हे वर्ष लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

मी विचारलं, मग बसून चालवायचात की उभ्यानं? उभ्यानं, म्हणाले. बसलं की पात्याचं टोक दिसत नाही. झिजलेल्या पत्र्याचा अर्थ तेव्हा लागला.

सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे भारतात रात्रीचे साडेआठ. आजी जेवून बसलेली असते. मी व्हिडिओ कॉल लावला. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. आजोबा तेव्हा पट्टीवर पहिली फेरी मारत होते. पात्यावरून माती दुधाच्या सायीसारखी वळत वळत एका बाजूला पडत होती आणि मागे तिची सरळ रांग लागत होती.

“काय करतंय रं हे?”

“रस्ता करतंय, आजी.”

“एकलंच?”

“एकच माणूस लागतो.”

“अन् किती माणसाचं काम करतंय?”

हा प्रश्न मला पडला नव्हता. मी आजोबांना विचारलं. त्यांनी माणसात कधी मोजलं नव्हतं. हवा चांगली असली तर दिवसाला दहा-बारा मैल होतो, म्हणाले. मी आजीला किलोमीटरमध्ये सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही.

“बरं झालं आमच्या वक्ताला नव्हतं. आमी काय खाल्लं असतं?”

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर होती. एकवीस-बावीस वर्षांची, पदरात एक पोर. मला हे माहीत होतं, म्हणजे आपल्या घरातली गोष्ट जेवढी माहीत असते तेवढं. १९७३ च्या मे महिन्यात, दुष्काळ ऐन भरात असताना, महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते. पाझर तलाव, बंडिंग, आणि रस्ते. खडी फोडायची, तिचे ढीग लावायचे, ब्रासवर मोजणी व्हायची आणि आठवड्याला पगार. लहान पोरांना सुकडी. आणि रेशनवर लाल मिलो. ही मिलो ज्वारी अमेरिकेतून आलेली. आजी अजून नाक मुरडते: जनावरांचं खाणं आमाला दिलं. मी ज्या देशात उभा राहून तिला फोन लावला होता, तिथलंच ते धान्य.

त्या दुष्काळात राज्यानं यंत्रं आणायची नाहीत, माणसंच लावायची, असं ठरवून केलं होतं. वि. स. पाग्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग करून मांडलेली कल्पना तयार होतीच. दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. खर्चाचा मोठा हिस्सा मजुरीवरच गेला पाहिजे, हा त्यातला गाभा. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यातही साठ टक्के मजुरी, चाळीस टक्के सामान हा हिशोब आला, आणि माणसाचं काम हिरावणारी यंत्रं शक्यतो नकोत, हेही आलं. म्हणजे ज्या वर्षी इथे ग्रेडरच्या चालकाचं मनगट वाचवणारं मॉडेल बाजारात येत होतं, त्याच वर्षी बीडमध्ये माझ्या आजीच्या हातावर हातोडीनं घट्टे पडत होते. आणि यातलं दुसरं मागासलेपण होतं असं मला म्हणवत नाही. तिथे रस्ता हे निमित्त होतं. खरं काम होतं माणसं जगवणं, आणि ती जगली. मी हे बोलतोय हा त्याचाच पुरावा म्हणा.

पण तिला मी आणखी एक विचारलं. रस्ता कसा करायचात, म्हणजे आकार? तिनं लगेच सांगितलं. मुकादम दोरी धरायचा. मधी चार बोटं उंच ठेवा म्हणायचा, पाणी दोन्हीकडं पळालं पायजे. मुरूम घमेल्यानं टाकायचा आणि फावड्यानं कडेला उतरवायचा. चुकलं की परत उकरायला लावायचा.

मी फोन हातात धरून उभा होतो आणि समोर दहा टनांचं यंत्र तेच करत होतं. चार बोटं उंच.

“आजी, मग त्या रस्त्याचं पुढं काय झालं?”

“काय व्हायचंय? दोन पावसाळे टिकला. मग वगळी पडल्या. पावसानं नेला.”

“कुणी दुरुस्त नाही केला?”

“कोण येतंय?”

त्यानंतर मी आजोबांना जे प्रश्न विचारले ते वेगळे होते. यंत्राचे नाही, कामाचे. किती मैल होते तुमच्याकडे? किती दिवसांनी त्याच रस्त्यावर यायचात? त्यांनी हिशोब सांगितला: साठ-एक मैल, आणि पाऊस कसा त्यावर अवलंबून, पण उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी प्रत्येक रस्त्यावर. छत्तीस वर्षं. ‘पेट्रोल’ हे जे १९३१ च्या यंत्राचं नाव होतं ना, ते इंधनाचं पेट्रोल नाही. ते गस्त या अर्थाचं आहे. एका माणसाला रस्त्याचा ठरावीक तुकडा नेमून द्यायचा आणि त्यानं तिथे गस्त घालत राहायचं, ही पद्धत आधी आली, यंत्र नंतर, आणि यंत्राला नाव त्या पद्धतीचं मिळालं.

आपल्याकडे ही पद्धत नव्हती असं नाही. बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर मैलकुली असायचे, नावातच मैल. एकेका मैलाचा माणूस, खड्डे बुजवायचा, चर साफ करायचा, झाडांना पाणी घालायचा. पण दुष्काळात गावागावाला जोडायला केलेल्या कित्येक रस्त्यांच्या नशिबी मैलकुली नव्हता. कामं अर्धवट राहिली, पाऊस चांगला झाला की मजूर शेतावर परतले, मस्टर बंद झालं. दुष्काळी कामांवर ही टीका तेव्हापासून होतेय. आमच्या गावात रस्ता पुन्हा झाला तो थेट ग्रामसडक योजनेत, डांबरी. त्या योजनेत ठेकेदारानं पाच वर्षं देखभाल करायची, असं करारातच असतं. सहाव्या वर्षी काय, हा आमच्या गावाचा सध्याचा विषय आहे, तो इथे नको.

मला आधी वाटलं होतं की या भागात हात विरुद्ध यंत्र असं काहीतरी बोलेन. पण आजीच्या टोळीनं रस्ता वाईट केला नव्हता. कॅम्बर बरोबर होता, मुरूम बरोबर होता. उणं होतं ते एवढंच की तिसऱ्या पावसाळ्याआधी तिथे परत कुणी गेलं नाही. एक ओंडका आणि दोन बैल पुरले असते. माझ्या धंद्यातही हेच दिसतं. नवीन काही लाँच करायचं म्हटलं की खोली भरते, आणि चार वर्षं जुनी सिस्टीम सांभाळायला कोण बसणार म्हटलं की सगळे लॅपटॉपात डोकं घालतात. मीही घालतो.

दुपारी गर्दी पांगल्यावर आजोबांनी मला वर चढवलं. झिजलेल्या पत्र्यावर उभं केलं, स्वतः मागे धरून उभे राहिले. पहिल्या गिअरमध्ये. डाव्या टोकाची लिव्हर मी जरा जास्त वेळ दाबून धरली, पातं खोल गेलं, घाबरून उलटी दाबली, ते वर आलं. पन्नास फुटांत मी त्यांच्या नीटस पट्टीवर उंटाची पाठ काढून ठेवली. मी सॉरी म्हणालो. त्यांनी इंजिन बंद केलं नाही, ओरडलेही नाहीत. मला खाली उतरवलं, यंत्र वळवलं, त्याला खरंच फार वेळ लागतो, आणि पुढची चाकं झुकवून त्याच पट्टीवर परत आले. एका फेरीत माझा उंट अर्धा झाला, दुसरीत दिसेनासा. तिसरीची गरज नव्हती, तरी त्यांनी मारली.

तो फोटो वर लावलाय, त्यात मागे जी मातीची रांग दिसते ती त्या तिसऱ्या फेरीची आहे.

तुमच्या गावात बहात्तरच्या कामाचा रस्ता, तलाव, बांध काही असेल आणि त्यावर राबलेलं घरात कुणी असेल, तर त्यांना विचारा, मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा. आवाज स्पष्ट नसला तरी चालेल. पंधरा-वीस जणांचं जमलं तर त्याचा वेगळा भाग करीन. आजीनं तिचा आवाज वापरायला परवानगी दिलीये, अट एकच: मिलोबद्दल जे म्हणाली ते कापायचं नाही.